कीबोर्डवाले अण्णा

प्रत्येक कचेरीत एक तरी माणूस पगारपत्रकात एक आणि प्रत्यक्षात दुसराच असतो. आमच्या सांगलीच्या पतसंस्थेतले अण्णा कागदोपत्री वरिष्ठ लिपिक आहेत. प्रत्यक्षात ते संस्थेतल्या तमाम कीबोर्डांचे पालक आहेत. समोरचा माणूस घरातल्या लग्नाचं आमंत्रण देत असला तरी अण्णांची नजर त्याच्या स्पेसबारखाली अडकलेल्या शेवेवर असते. पत्रिका हातात घेतात, “येतो की” म्हणतात आणि लगेच विचारतात, “हे कधीपासनं आहे?”

अण्णा टाइपरायटरच्या जमान्यातले. मराठी तीस, इंग्रजी चाळीस अशा सरकारी परीक्षा दिलेले. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आठवडा संपताना प्रत्येकाला आपली मशीन पुसून द्यावी लागे. रिबनची शाई आणि धूळ बसून ‘ब’ आणि ‘व’ यांची पोटं बुजायची आणि कागदावर नुसते काळे ठिपके उमटायचे. मग ताठ केसांचा ब्रश आणि चार थेंब स्पिरिट. अण्णांचं सगळं तत्त्वज्ञान तिथलं आहे. ते म्हणतात, “मशीनची घाण साहेबाच्या पत्रात दिसायची, म्हणून लोक पुसायचे. कीबोर्डची घाण स्क्रीनवर दिसत नाही, तिथंच सगळा घोटाळा झाला.”

कीबोर्ड बघून ते माणूस ओळखतात. एस आणि डीच्या मधल्या फटीत भडंगाचं शेंगदाण्याचं फोलपट दिसलं, की हा वसुली विभाग. साबुदाण्याचा वाळका दाणा म्हणजे संकष्टी पाळणारे कॅशियर. संक्रांतीनंतर पंधरा दिवस तीळ आणि दिवाळीनंतर महिनाभर चिवडा निघतो. कुणाचा कंट्रोल, सी आणि व्ही हीच तीन बटणं गुळगुळीत झाली असतील, तर त्याचा अहवाल अण्णा वाचतच नाहीत. मागच्या वर्षीचा वाचलेला असतो.

एवढं सगळं असून घाणीवर त्यांचा खरा राग नाही. राग आहे तो उत्साहावर. “कीबोर्ड धुळीनं मरत नाही, साफसफाईनं मरतो,” हे त्यांचं आवडतं वाक्य. मग आरोपींची यादी सुरू होते. ओलं फडकं पिळल्याशिवाय फिरवणारा शिपाई. तोंडानं फुंकर मारून धुळीसोबत थुंकीही आत पाठवणारा तरुण. धुतलेली बटणं घरून आणलेल्या हेअर ड्रायरनं वाळवून वाकडी करणाऱ्या बाई. नेलपॉलिश रिमूव्हर लावून बटणांवरची अक्षरंच पुसून टाकणारा एक महाभाग. आणि करोनाच्या काळात हाताला लावायचं जेल सॅनिटायझर थेट बटणांवर ओतणारे व्यवस्थापक. त्या जेलनं जंतू गेले, पण चिकटा राहिला आणि त्यावर नवी धूळ कायमची मुक्कामाला आली.

अण्णांची स्वतःची पद्धत महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, ग्राहक ओसरल्यावर बघायला मिळते. आधी संगणक बंद, मग वायर काढलेली. वायर नसलेला कीबोर्ड असेल तर सेल बाहेर. “करंट तोडल्याबिगर हात लावायचा नाही.” त्यानंतर मोबाइलवर कीबोर्डचा फोटो. एका शिकाऊ पोरानं विचारलं, “फोटो कशाला, अण्णा? रोजच तर बघतो.”

“मग न बघता सांग, बीच्या डावीकडं कोण?”

पोरगं हवेत बोटं नाचवत बसलं. या प्रश्नामागं इतिहास आहे. एकदा एम आणि एन यांच्या टोप्या अदलाबदल होऊन बसल्या होत्या, आणि बटणं बघून टाइप करणाऱ्यानं दिवसभर ‘लोन’च्या जागी ‘लोम’ मंजूर केलं.

मग कीबोर्ड कालच्या पेपरवर पालथा घालून पाठीवर हलक्या थापट्या. जे पडतं त्याचा पंचनामा सगळ्यांसमक्ष होतो. उरलेल्यासाठी रंगाचा मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याची काच साफ करायचा रबरी फुगा. हवेचा डबा मिळाला तर तोही चालतो, पण उभा धरून, थोडा थोडा फवारा मारत. उलटा धरला तर आतला गार द्रव बाहेर येतो. शेवटी औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते फडक्यावर घ्यायचं, कीबोर्डवर नाही. आणि फडकं ओलसर हवं, ठिबकणारं नको.

बटणाची टोपी काढायचीच झाली, तर तारेच्या चिमट्यानं सरळ वर. टोप्या कोमट साबणाच्या पाण्यात आणि रात्रभर सुकत. स्पेसबार, एंटर आणि शिफ्टला मात्र हात नाही. त्यांच्या पोटात तारेचा आधार असतो आणि तो परत बसवताना भल्याभल्यांचा रविवार जातो. लॅपटॉपच्या बटणांना तर अण्णा स्पर्शही करू देत नाहीत. त्यांच्याखालच्या प्लॅस्टिकच्या नाजूक बिजागऱ्या एकदा तुटल्या, की बटण डुगडुगत राहतं.

चहा सांडला की अण्णांमधला सेनापती जागा होतो. बाकीचे रुमाल शोधतात, अण्णा वायर उपसतात. मग कीबोर्ड उलटा, आणि त्या उलट्या कीबोर्डसमोर व्याख्यान. “बटणांखाली रबराची चादर. तिच्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे, त्यांवर विजेच्या रेघा. बटण दाबलं की वरची रेघ खालच्या रेघेला टेकते, एवढाच व्यवहार. पापुद्र्यांच्या मधे पाणी गेलं तर लवकर वाळत नाही. आणि आपला चहा नुसतं पाणी नाही. पाणी वाळेल, साखर बटण धरून बसेल.” लॅपटॉपवर सांडला तर त्यांचा हुकूम दोन शब्दांचा: “दुकानात न्या.” तांदळाच्या डब्यात ठेवू का, असं विचारणाऱ्याला ते भाताचा भाव सांगतात.

त्यांची खरी कसोटी खंडेनवमीला लागते. त्या दिवशी संस्थेत शस्त्रपूजन. शस्त्रं म्हणजे नोटा मोजायचं यंत्र, प्रिंटर आणि झाडून सगळे संगणक. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. अक्षता नेमक्या एंटरच्या फटीत जातात आणि कुंकू एफ-जेवरच्या उंचवट्यांना धरतं. अण्णा स्वतः भाविक, त्यामुळं विरोध करता येत नाही. मग ते आदल्या संध्याकाळी प्रत्येक कीबोर्डवर पारदर्शक पिशवी चढवतात. सकाळी पूजा करणाऱ्यांना आदरानं मार्गदर्शन करतात. “गंध मॉनिटरच्या कडेला लावा, फूल सीपीयूवर ठेवा. देवाला भाव पोचतो ओ, कुंकू आत पोचायची गरज नाही.”

मागच्या वर्षी नव्या हिशेबनिसानं संचालक मंडळापुढं कागद मांडला. नवा कीबोर्ड काही शे रुपयांना मिळतो. अण्णांचा अर्धा दिवस त्याहून महाग पडतो. आकडे बरोबर होते. अण्णा उठले.

“कर्ज थकलं की आपण लगेच बुडीत खात्यात टाकतो का? आधी नोटीस देतो. मग हप्ते बांधून देतो. मग जामीनदाराला बोलावतो. जप्ती सगळ्यात शेवटी.”

जामीनदाराचं नाव निघताच दोन संचालकांनी विषय पुढच्या सभेत घ्यायला सांगितलं.

पुढच्या सभेत मात्र खरेदी मंजूर झाली. मंडळानं एक अट घातली: माल अण्णांनी तपासून घ्यावा. खोकी आली. सगळ्यांना वाटलं, आता अण्णा रिकामे झाले. अण्णांनी पहिला कीबोर्ड बाहेर काढला, टेबलावर पेपर पसरला, कीबोर्ड पालथा घातला आणि पाठीवर दोन थापट्या मारल्या. थर्माकोलचे तीन दाणे टपकन पडले.

अण्णांनी हिशेबनिसाला हाक मारली. “या इकडं. मोजून घ्या.”