आधी ट्रॉली

भोसरी, चिंचवड, निगडी या पट्ट्यातल्या कुठल्याही सोसायटीत जा. वॉचमन, सेक्रेटरी आणि पाण्याची तक्रार यांच्या जोडीला एक तात्या हमखास सापडतात. या माळरानावर कारखाने आले, कारखान्यांनी आयटीआयमधून पोरं उचलली, पोरांनी फॅब्रिकेशन शॉपमध्ये तीस-पस्तीस वर्षं ठिणग्या अंगावर घेतल्या आणि एक दिवस हार, नारळ, घड्याळ घेऊन ती घरी आली. तेव्हा त्यांचे तात्या झालेले होते.

निवृत्तीनंतर तात्यांनी काशीला जावं अशी घरच्यांची इच्छा असते. तात्या जातात ते वेल्डिंग मशीनच्या दुकानात. पूर्वीचं ट्रान्सफॉर्मरचं मशीन हलवायचं तर दोन गडी लागत. आता 200 अ‍ॅम्पिअरचा इन्व्हर्टर पाच-सहा किलोंत मिळतो आणि त्याला खांद्याला अडकवायचा पट्टाही असतो. हा पट्टा नीट लक्षात ठेवा. तात्या तो लगेच विसरणार आहेत.

मशीन एकटं येत नाही. होल्डर, अर्थिंगचा क्लॅम्प, दोन लांब केबली, काळ्या काचेचं शिल्ड, चिपिंग हॅमर, वायर ब्रश, चार इंची ग्राइंडर, त्याची कापायची आणि घासायची चाकं, गुण्या, सी-क्लॅम्प आणि रॉडचे पुडे असं वऱ्हाड बरोबर असतं. मशीन दिवाणाखाली, रॉड देवघराच्या कपाटात, हातमोजे चपलांच्या स्टँडवर, केबली गॅलरीत. शेवटी केबलीत पाय अडकून काकू म्हणतात, "अहो, हे सगळं एका जागी ठेवा, नाहीतर मी ठेवते." दुसऱ्या कुणी ही तक्रार म्हणून ऐकली असती. तात्या ती वर्क ऑर्डर म्हणून स्वीकारतात.

त्याच सुमारास सोसायटीच्या गेटची बिजागरी निखळते. सेक्रेटरी येतात. "तात्या, तेवढं वेल्डिंग मारून द्या ना. दोन रॉडचं काम आहे."

"देतो की. आधी ट्रॉली होऊ दे. सामान जागेवर नसताना कामाला हात घालायचा नाही, ही आमच्या शॉपची शिस्त."

तात्यांना कुणीतरी बाजारातली तयार ट्रॉली सुचवून पाहतं. तात्या ती बघून येतात आणि मयताला जाऊन आल्यासारखा चेहरा करतात. "वेल्डिंग बघितलंस का तिचं? नुसते टाके मारलेत. वरून रंग फासलाय."

मग लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर ड्रॉइंग निघतं, अर्थात मिलिमीटरमध्ये. लांबी 600, रुंदी 450, उंची 900. तीन कप्पे. सहा किलोच्या मशीनला 25 बाय 25 बाय 3 चा अँगल पुष्कळ झाला, मीटरला जेमतेम 1.1 किलो. पण तात्या घेतात 35 बाय 35 बाय 5. तो मीटरला 2.6 किलो भरतो. "उद्या वर माणूस उभा राहिला तर?" त्या ट्रॉलीवर माणूस का उभा राहील, हे विचारायची कुणाची छाती होत नाही. बारा मीटर अँगलचे झाले 31 किलो. कप्प्यांना 3 मिलिमीटर पत्रा, त्याचे आणखी 19. म्हणजे खांद्यावर नेता येणाऱ्या मशीनला फिरवण्यासाठी सिमेंटच्या गोणीएवढी, बरोबर 50 किलोंची ट्रॉली. त्यात चाकं धरलेली नाहीत.

काम पार्किंगमध्ये चालू होतं आणि सगळ्या इमारतीला कळतं, कारण तात्यांनी आर्क मारला की तिसऱ्या मजल्यापर्यंतचे दिवे मान टाकतात. मालिकेत सून सासूला खरं काय ते सांगणार, तेवढ्यात एमसीबी पडतो. खाली तात्या वरच्या खिडक्यांकडे बघून ओरडतात, "करंट 90 च ठेवलाय हो! अडीचचा रॉड आहे!" जणू इमारतीला अडीचचा की सव्वातीनचा एवढीच शंका होती.

भोवती पोरं जमतात. तात्यांचा एक डोळा जॉबवर, एक पोरांवर. "आर्ककडे बघू नका रे! रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होईल, मग आया माझ्या नावानं शिमगा करतील." पोरं हटत नाहीत, तेव्हा तात्या खडूनं रेषा ओढून त्यांना पाठमोरं उभं करतात आणि व्याख्यान देतात. चारही कोपरे आधी टॅक करायचे. मग कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच चौकट काटकोनात. एकाच बाजूनं सलग वेल्डिंग मारत गेलात, तर निवताना लोखंड आकसतं आणि चौकट तिकडेच ओढली जाते. म्हणून एक टाका इकडे, एक समोरच्या कोपऱ्यात. भूमितीच्या तासाला डुलक्या घेणाऱ्या पोरांना कर्ण काय असतो ते इथे पार्किंगमध्ये समजतं.

रॉड ठेवण्याचं प्रकरण वेगळं. रॉड 350 मिलिमीटरचा, म्हणून प्लंबरकडून उरलेल्या पीव्हीसी पाइपाचे थोडे जास्त लांबीचे तुकडे, दोन्ही टोकांना झाकणं, आणि प्रत्येकावर तात्यांच्या वळणदार अक्षरात नंबर. 6013 हवा दमट असली तरी फारशी कुरकुर करत नाही. 7018 चं तसं नाही. त्याच्या लेपात ओल शिरली तर वेल्डमध्ये हायड्रोजन जातो आणि जोड पुढे तडकू शकतो. तो पुन्हा भाजून घ्यायचा तर 250 अंशांच्या वर उष्णता लागते. तात्या काकूंच्या केकच्या ओव्हनभोवती घुटमळतात. ओव्हनचं बटण 250 लाच थांबतं, त्यामुळे संसार वाचतो. गंमत म्हणजे 7018 लागेल असं एकही काम सोसायटीत नाही. तरी त्याचा पाइप सगळ्यात वर.

ट्रॉलीच्या मागे एक कडं आणि साखळी असते. ती सिलिंडरसाठी. सिलिंडर तात्यांकडे नाही. "उद्या सीओटू घेतला तर? सिलिंडर उभाच ठेवायचा आणि साखळीनं बांधायचा." बाजूच्या पत्र्यावर प्रत्येक हत्याराची पिवळी बाह्यरेषा रंगवलेली. जपान्यांचं फाइव्ह-एस कंपनीत शिकवलेलं. निवृत्तीनंतर कंपनी सुटली, फाइव्ह-एस सुटलं नाही. त्यामुळे तुम्ही पक्कड मागून नेलीत आणि विसरलात, तर ती रिकामी आकृती बघून तात्या रात्री दहाला तुमची बेल वाजवतात.

चार चाकं बसतात आणि एक अधांतरी राहतं. तीन पायांचं काहीही डुगडुगत नाही, चार पायांना जमीन सपाट लागते. तात्या गुण्या लावतात, लेव्हल लावतात आणि निकाल देतात, "ट्रॉली करेक्ट आहे. बिल्डरनं पार्किंग चुकवलंय."

खंडेनवमीला रेडऑक्साइडवर निळा रंग चढवलेली ट्रॉली झेंडूच्या माळा घालून उभी राहते. काकू हळदकुंकू वाहतात. देवघराचं कपाट मोकळं झालेलं असतं, त्यामुळे भक्ती खरी असते.

आता गेट. तात्या ट्रॉली ढकलत निघतात. पार्किंग संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात आणि चाकं फटीत बसतात. ढकलून होत नाही, ओढून होत नाही. सेक्रेटरी, वॉचमन आणि पाठमोरी उभी राहायला शिकलेली पोरं हात लावतात. 50 किलो तसूभर हलत नाहीत. अखेर तात्या मशीन काढतात, पट्टा खांद्याला अडकवतात, चार रॉड मागच्या खिशात खोचतात आणि चालत जाऊन चहा निवायच्या आत बिजागरी जोडून येतात. जोड असा, की गेट पडेल पण बिजागरी सुटणार नाही.

सगळे कौतुक करतात. तात्यांचं लक्ष नसतं. ते ट्रॉलीजवळ उकिडवे बसून टेप लावत असतात. "चाकं लहान पडली. मोठी घालावी लागतील. म्हणजे खालची चौकट बदलणं आलं."

तात्यांना हसणं सोपं आहे. पण कामाआधीच्या तयारीत आयुष्य घालवणारी माणसं काय कमी आहेत? व्यायामाचे बूट घेऊन ठेवणारे आहेत, कादंबरीसाठी वह्या आणून ठेवणारे आहेत. त्यांच्यात आणि तात्यांच्यात फरक एवढाच, की तात्यांच्या तयारीचे कर्ण जुळलेले असतात आणि वेळ आली की तयारी बाजूला ठेवून त्यांना काम करता येतं.

तेव्हा पुढच्या वार्षिक सभेत तात्यांच्या ट्रॉलीला पार्किंगमध्ये 600 बाय 450 ची जागा देण्याचा विषय निघाला, तर मुकाट्यानं हात वर करा. गेटला दुसरी बिजागरीही आहे.