चाळीस हजार व्होल्टचा माणूस

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की शिरवळची एमआयडीसी मागे पडते आणि खंबाटकी घाट चढण्याआधी खंडाळा लागतं. लोणावळ्याशेजारचं नव्हे, त्या खंडाळ्यात लोक हवा खायला जातात, या खंडाळ्यात चाकात हवा भरायला थांबतात. इथल्या, आणि इथून थेट सांगली-मिरजेपर्यंतच्या, कुठल्याही गॅरेजपुढे रविवारी एक गृहस्थ हटकून सापडतात. त्यांना आपण कॉइलराव म्हणू. आठवडाभर कंपनीत शिफ्ट, रविवारी पुण्याचा जुना बाजार, उरलेल्या वेळात मडगार्ड कापलेली, टाकी भलत्याच गाडीची असलेली एक जुनी बुलेट. या बुलेटला ‘कस्टम’ म्हणायचं, ‘मोडकी’ म्हणायचं नाही. कॉइलरावांना काही कळत नाही, असं मिस्त्री त्यांच्या पाठीमागे म्हणतात. हा आरोप खोटा आहे. त्यांना पुष्कळ कळतं. फक्त जे मीटर लावून मोजता येतं त्यात त्यांना रस नाही आणि जे डोळ्यांना दिसत नाही त्यावर त्यांची अढळ श्रद्धा आहे. त्यांचं सगळं वागणं या एका सूत्राने उलगडतं.

पुरावा म्हणून कॉइलच घेऊ. कार्बोरेटर उघडून बघता येतो, पिस्टनला बोट लावता येतं. प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल मात्र कायमची बंद डबी. आत जाड तारेचे थोडे वेढे आणि त्यांच्या जोडीला केसासारख्या तारेचे हजारो वेढे. पॉइंट, म्हणजे इंजिनाबरोबर उघडमीट होणारा स्विच, उघडला की पहिल्या वेढ्यांतला करंट तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या वेढ्यांत काही हजार व्होल्ट उभे राहतात. ही युक्ती चार्ल्स केटरिंग यांनी १९१२च्या कॅडिलॅक मोटारीला बसवली होती. जुन्या बुलेटमध्ये अजून तीच आहे. आता कॉइलरावांनी नाना पेठेतून आणलेल्या खोक्यावर ‘४०,००० व्होल्ट’ असं लाल अक्षरांत छापलेलं असतं. पण व्होल्टेज चढतं ते प्लगच्या गॅपमधून ठिणगी पडेपर्यंतच. साध्या इंजिनात ती दहा-बारा हजारांत पडली, की वरचे अठ्ठावीस हजार खोक्यावरच राहतात. कॉइलराव ते मान्य करत नाहीत. ते प्लग काढून हेडला टेकवतात, किक मारतात आणि निळी ठिणगी जमलेल्यांना दाखवतात. उघड्या हवेत ठिणगी पाडणं सोपं आणि सिलिंडरमधल्या दाबाखाली अवघड, त्यामुळे या चाचणीने कॉइल मेलेली नाही एवढंच ठरतं. जमलेले मात्र माना डोलावतात.

कॉइलच्या निवडीतही तोच प्रकार. पॉइंटवर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या कॉइलच्या पहिल्या वेढ्यांचा रोध तीन-चार ओहम असतो, म्हणजे करंट तीन-चार अँपिअर. पॉइंटला तेवढा सोसतो. आरएक्स १००सारख्या सीडीआय गाडीची कॉइल एका ओहमच्याही आत असते, कारण तिला कपॅसिटरमधून दोनशेच्या वर व्होल्टचा क्षणभराचा झटका मिळतो. तीच अर्ध्या ओहमची कॉइल बुलेटच्या पॉइंटवर लावली, तर हिशेब चोवीस अँपिअरवर जातो आणि पॉइंट जळतात. हे काही शे रुपयांच्या मल्टिमीटरवर मिनिटात कळतं. पण कॉइलराव म्हणणार, ‘‘मिस्त्री, मीटर काय सांगतंय? गाडी चालवल्यावर कळतंय!’’ आणि गाडी चालतही नसते.

त्यांच्या बाजूने दोन गोष्टी बोलल्या पाहिजेत. पहिली, नवी कॉइल टाकल्यावर पिकअप सुधारल्याचं ते शपथेवर सांगतात. खरंच सुधारलेला असतो. पण त्याच दिवशी नवा प्लग, नवी केबल, नवी कॅप टाकलेली असते, पॉइंट घासलेले असतात. श्रेय मात्र सगळं डबीला. दुसरी हरकत वजनदार आहे: कॉम्प्रेशन वाढवलं, गॅप मोठा ठेवला, तर जोरदार कॉइल लागतेच. लागते. पण ज्या बुलेटचं कॉम्प्रेशन इतकं मवाळ की ती खंबाटकीच्या पहिल्याच वळणावर दुसरा गिअर मागते, तिला रेसची कॉइल म्हणजे बैलगाडीला विमानाचं ब्रेक-ऑइल. हौसेला मोल नसतं, हेही कबूल. शिवाय ही हौस सुरक्षित आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आरसीतल्या नोंदींशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि आरसीत कॉइलची नोंदच नसते.

खरा घोळ वायरिंगचा, आणि तिथे कॉइलरावांचं लक्ष नसतं, कारण वायर बाजारात कुणी विचारत नाही. जुन्या इग्निशन स्विचमधून आणि गंजलेल्या सॉकेटमधून कॉइलपर्यंत बारातले दहाच व्होल्ट पोचतात. बॅटरीपासून रिले लावून जाड वायर थेट आणली, तर जुनीच कॉइल तरतरीत होते. प्लस-मायनसची टोकं उलटी जोडली तर ठिणगी उलट्या दिशेने पडते आणि तिला बरंच जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे विकत घेतलेली ताकद स्वतःच्याच हाताने गेली. सगळ्यांत मोठा घात चासीच्या पावडर कोटिंगचा. काळा चकचकीत रंग चढवताना अर्थिंगच्या बोल्टखालचं लोखंड झाकलं जातं आणि करंटला परतीची वाटच उरत नाही. गाडी मिसिंग मारते. कॉइलराव तिसरी कॉइल आणायला पुण्याला जातात. ते एसटीत बसले, की मिस्त्री पातं घेऊन बोल्टखालचा रंग रुपयाएवढा खरवडतो, थिंबल घट्ट पिळतो आणि गाडी पहिल्या किकला उठते. संध्याकाळी कॉइलराव परतल्यावर तो त्यांना खरं ते सांगतो. कॉइलराव शांतपणे ऐकतात आणि चहाच्या टपरीवर जाऊन सांगतात, ‘‘दुसरीच कॉइल चालली बघा. नवीन असती तवा रुळायला जरा वेळ लागतोय तिला.’’ तिसरी तोवर डिकीत असते, खोक्यासकट.