चुगलखोर पेपर

कोलकात्याच्या गार्डन रीचमधला दहावीचा पोरगा असो की आपल्या परभणीचा, कॉपीबाबत त्याचे नियम पक्के असतात. मागेल त्याला उत्तर दाखवायचं, हा शेजारधर्म. सापडला तो बावळट. आणि चुगली करणारा नीच, मधल्या सुट्टीत त्याच्यासोबत कुणी डबा खात नाही. चोरीला या कायद्यात कलमच नाही.

पश्चिम बंगालच्या बोर्डाने नेमकं इथेच पोरांना गाठलं. २०२४च्या ‘माध्यमिक’ म्हणजे दहावीच्या परीक्षेत प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या पानापानावर तिचा वेगळा सांकेतिक क्रमांक छापला. २ फेब्रुवारीला बंगालीचा पहिलाच पेपर, त्याचे फोटो मोबाइलवर फिरले आणि त्याच दिवशी मालद्याचे दोघे धरले गेले. त्यांची परीक्षा रद्द. नाव कुणीच घेतलं नव्हतं, पेपरनेच चुगली केली!

आता थोरांकडे वळू. त्याच राज्यात २०१६ साली शिक्षकभरतीची परीक्षा झाली. कोऱ्या ओएमआर शीट देणारेही नोकरीला लागले, मूळ शीट नष्ट झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक-शिक्षकेतर मिळून २५,७५३ नेमणुका रद्द केल्या त्या ३ एप्रिल २०२५ ला. पोरं एका दिवसात, मास्तर नऊ वर्षांत. तोवर त्यातले काही परीक्षा हॉलमध्ये पोरांचे खिसे चाचपत असणारच की. भरडले गेले ते प्रामाणिकपणे पास झालेलेही. खरेखोटे निवडता येईनात, म्हणून सगळ्यांचीच नोकरी गेली. हा न्याय पोरांना लगेच कळतो. खडू कुणी फेकला ते सांगत नाही ना, मग अख्खा वर्ग बाकावर उभा राहा!

गार्डन रीचच्या पोरांची शिकवणी तर घराजवळच झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या एका घरातून ईडीने मोबाइल गेम ॲपच्या फसवणुकीतले सतरा कोटींहून जास्त रुपये रोख बाहेर काढले, नोटा मोजायला यंत्रं आणावी लागली. त्या वस्तीत तळहातावर लिहिलेल्या सूत्राचं पाप ते किती? (आपण हसू नये. आपल्याकडे कॉपीविरोधी कायदा १९८२ चा, कॉपीमुक्त अभियान दरवर्षीचं, आणि परीक्षा केंद्राच्या भिंतीवर चढलेले मामाही दरवर्षीचे.)

ज्यांच्यावर थेट ठपका नव्हता अशा मास्तरांना सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. घोळ नको म्हणून ओएमआरची कार्बन प्रत या वेळी उमेदवाराच्याच हातात दिली. सरकारमान्य कॉपी!