कामात येते!

सौंदडमध्ये मिठाईचा डबा किंवा आहेराचं खोकं कोणी ओरबाडून उघडत नाही. फितीची गाठ नखानं सोडवायची, चमकीचा कागद चिकटपट्टीजवळ हलकेच उचलायचा आणि दोन्हींची घडी घालून दाराजवळच्या कोनाड्यात ठेवायची, अशी गावाला शिस्त लागली आहे. ती लावली लेसकाकूंनी. संध्याकाळी त्या चक्कर टाकतात आणि उंबऱ्यातूनच विचारतात, "काल पोरीचा वाढदिवस झाला म्हणते. खोक्यावरची फीत कुठं ठेवली जी?" फेकली म्हटलं तर त्या रागावत नाहीत. नुसत्या "बाप्पा!" म्हणतात. पण इतक्या खोल आवाजातलं 'बाप्पा' गावात एरवी मयतीच्या घरीच ऐकू येतं.

लेसकाकू हे अर्थातच बारशाचं नाव नव्हे. आणि ही बाई एकच आहे असंही समजू नका. साकोलीहून निघून मुंबई-कोलकाता हमरस्त्यानं पूर्वेकडे जेवढी गावं लागतात, त्यातल्या प्रत्येकात एक तरी लेसकाकू निघेल. कुठं ती अंगणवाडीची मॅडम असते, कुठं बचत गटाची अध्यक्ष, कुठं आयुष्यभर कार्यानुभवाचा तास घेऊन निवृत्त झालेली शाळेतली बाई. ओळखायची खूण एकच. बोलताना तिची नजर तुमच्या चेहऱ्यावर नसते. ती साडीच्या काठावर नाहीतर ब्लाउजच्या बाहीवर असते, आणि ही साडी विटली की काठ किती मीटर निघेल याचा हिशेब मनात चालू असतो. तुम्ही सासूचं दुखणं सांगत असता. ती मध्येच विचारते, "हा गोटा गोंदियाचा का नागपूरचा?"

सौंदडच्या काकूंचं दुकान नाही, क्लास नाही, पाटी नाही. त्या कार्डं करतात. वाढदिवसाची, शिक्षकदिनाची, रक्षाबंधनाची, निरोपसमारंभाची, शेजारणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्याचं सुद्धा. कार्डांतून जे उरतं त्याची फुलं होतात, फुलांतून उरतं त्याची तोरणं, तोरणांतून उरतं ते डब्यात. डब्यातून काहीच उरत नाही, कारण डब्यातून काही बाहेर येत नाही. कोणी विचारलंच की एवढं कशाला जमवता, तर उत्तर दोन शब्दांत ठरलेलं: "कामात येते."

यात सगळ्यात जास्त कामात आले ते काका. लग्न झालं तेव्हा त्यांच्या वाट्याला एक अख्खं कपाट होतं. आता भिंतीवरचा एक खिळा आहे, आणि त्याच्यावरही अधूनमधून गोंडे वाळत असतात. काकांनी नवा शर्ट आणला की शर्ट तेवढा त्यांचा. आतला पुठ्ठा, कॉलरखालची पारदर्शक पट्टी, टाचण्या, पातळ कागद आणि खोकं ही काकूंची मिळकत. चप्पल घ्यायला गेले तर खोक्याचं झाकण कसं आहे हे आधी बघावं लागतं. "घरचं काही फेकायचं असलं तर मी दुसऱ्या गावी जाऊन फेकतो जी," काका सांगतात. एकदा त्यांनी जुन्या झालरींचं गाठोडं सडक अर्जुनीच्या बसमध्ये मुद्दाम विसरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं ते घरपोच दिलं. गाठोडं पाहूनच त्यानं ओळखलं होतं कुणाचं ते.

काकूंचा खरा हंगाम लग्नसराईनंतर सुरू होतो. लग्नपत्रिका ही मोठी अडचणीची वस्तू आहे. लग्न होऊन गेलं की तिचा उपयोग संपतो, पण तिच्यावर गणपती असतो, बुद्ध असतात, बाबासाहेब असतात. चुलीत घालवत नाही, रद्दीत देववत नाही. मग ती खिळ्याला टोचलेली राहते, वर्षभर फॅनच्या वाऱ्यावर फडफडते, आणि शेवटी घरातलं पोर हाताशी धरून सांगितलं जातं, "काकूकडे नेऊन दे." पाप लागत नाही आणि भिंतही मोकळी होते. काकू नखं कापायच्या कात्रीनं देव अलगद सोडवतात आणि आकारानुसार लावून ठेवतात. बुद्धांचा डबा वेगळा. गणपतींचे डबे तीन: सोनेरी, रंगीत आणि 'सोंड वाकडी आली'. पत्रिकेच्या कोपऱ्यातले गोंडे निराळे. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असं म्हणणारी किलबिल मंडळी तेवढी कचऱ्यात जातात.

या गठ्ठ्याच्या तळाशी काही पत्रिकांवर 'सौंदड, जि. भंडारा' असं छापलेलं आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, त्याआधीची ही लग्नं. त्यातल्या काही जोडप्यांना आता नातवंडं झाली. परवा अशाच एका नातवाच्या पहिल्या वाढदिवसाच्या कार्डावर आजीच्या लग्नातला गणपती बसला होता. तिकडे तमिळनाडूत शिवकाशीच्या छापखान्यातून निघालेला हा देव असेल, पण इथं त्याला भंडाऱ्यातून गोंदियात बदली मिळाली आणि दोन पिढ्या पुढची नेमणूकही. आजीनं तो ओळखला नाही. काकूंनी ओळखून दिला, वर बजावलं, "कार्ड फेकू नको गे. पोराच्या लग्नात लावू."

आता कार्डाविषयी. आधी जाड कार्डशीटची घडी. तिच्यावर घोटीव कागद. त्याच्यावर जुन्या ओढणीची जाळी, तिच्या चारी कडांना गोटा. मधोमध कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेलं फूल, फुलाखाली सॅटिनच्या फितीचा बो, बोच्या गाठीवर मोती. मग काकू कार्ड हातभर लांब धरतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "सुनं सुनं दिसते." की टिकल्या येतात. टिकल्यांनंतर चमकी. फेव्हिकॉल वाळेपर्यंत वर पाटा ठेवायचा, नाहीतर कार्ड स्वतःहून उघडतं. वाळल्यावरही ते पूर्ण मिटत नाहीच, हा भाग वेगळा.

आत उघडावं तर आतही एक खिसा, खिशात एक पान, पानाला शेपटासारखी फीत. एकदा पुतणीनं भाबडेपणानं विचारलं, "काकू, लिहायचं कुठं?"

"काय लिहायचं?"

"हेच, वाढदिवसाच्या शुभेच्छा वगैरे."

"एवढं लावलं ते काय मग?" काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं.

ज्याला कार्ड मिळतं त्याची पंचाईत निराळीच असते. ते पुस्तकात ठेवता येत नाही, फ्रेममध्ये मावत नाही. पूर्वी टीव्हीवर ठेवायची सोय होती. मग टीव्ही चपटे होऊन भिंतीला लागले आणि गावातल्या कलाकुसरीची हक्काची जागाच गेली. आता कार्डं फ्रिजवर राहतात. तिथं आंब्याच्या दिवसांत त्यांना मुंग्या लागतात. एका वर्षी काकूंनी पुण्याच्या भाच्याला राखीसोबत असंच एक कार्ड साध्या पाकिटातून, साधं तिकीट लावून धाडलं. एवढं रंगीत कार्ड, पण पोचलं बेरंग. भाच्यानं पोस्टमनला वरचे पैसे मोजले आणि फोन करून तक्रार केली. काकू म्हणाल्या, "पैसे भरून सोडवलं ना? मग नीट ठेवशील."

मी काकूंना एकदा इतिहास सांगायचा प्रयत्न केला. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांनी नाताळचं छापील कार्ड काढलं, कारण त्यांना आलेल्या पत्रांची उत्तरं लिहीत बसायला सवड नव्हती. हे काकूंना मुळीच पटलं नाही. ज्याला वेळ नाही त्यानं कार्डाच्या वाटेला जाऊच नये, असं त्यांचं मत. मग त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या वुस्टर गावच्या एस्थर हॉवलंडची गोष्ट सांगितली. लेससारख्या जाळीच्या कागदावर फिती आणि फुलं लावून ती प्रेमाची कार्डं करायची. मागणी वाढली तशा तिनं मैत्रिणी कामाला बसवल्या. एकीनं चित्र कापायचं, दुसरीनं चिकटवायचं, आणि कार्ड या हातातून त्या हातात पुढं सरकायचं. हजारो लोकांची प्रेमं जुळवणारी ही बाई स्वतः मात्र शेवटपर्यंत अविवाहित राहिली. एवढ्या सगळ्यातून काकूंनी एकच प्रश्न काढला.

"जाळीचा कागद कुठून आणायची?"

"इंग्लंडहून मागवायची."

"विकत?"

"हो."

काकूंनी एस्थरबाईंचा विषय तिथंच मिटवला. "पैसे देऊन तर कोणीही करते जी."

हे मात्र खरं. काकू नागपूरला गेल्या की इतवारीत एक चक्कर मारतात. लेसच्या रिळांवरून हात फिरवतात, भाव विचारतात, आणि रिकाम्या हातानं पण भरल्या डोळ्यांनी परत येतात. त्यांचा सगळा माल शिंप्याच्या कातरणातून, पाहुण्यांना दिलेल्या आणि खुर्चीवरच राहिलेल्या पुष्पगुच्छांमधून आणि धानाच्या बांधीतून येतो. धानाचे दाणे चिकटवून अक्षरं काढायची तर त्यांना एचएमटीच लागतो, तोच आपल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडून काढलेला बारीक धान. जाड्या धानाची वेलांटी चांगली वळत नाही म्हणतात. अशा दाण्यांनी लिहिलेलं 'शुभेच्छा' त्यांनी नव्या तलाठ्यासाठी करून ठेवलं होतं. रात्रीतून उंदरांनी 'च्छा' खाल्लं. काकूंनी सकाळी 'शुभे'च्या पुढं एक मोठं फूल लावून तसंच दिलं. तलाठी अजून विचारात आहेत की ही शुभा कोण.

रुखवताचा प्रांत मात्र त्यांच्या हातून निम्मा गेला. सुपारीचे नवरा-नवरी, आगपेटीच्या काड्यांची बैलगाडी आणि आइस्क्रीमच्या कांड्यांचं घर अजून मागतात लोक. पण काकूंचा मानबिंदू होता थर्माकोलचा ताजमहाल, चारी मिनारांना लेस लावलेला, जो गावातल्या किती नवऱ्या मुलींच्या रुखवतात भाड्यानं म्हणजे फुकट उभा राहून परत आला याची मोजदाद नाही. २३ मार्च २०१८ ला सरकारनं प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी घातली आणि माळ्यावरचा ताजमहाल एका दिवसात बेकायदा झाला. काका आठवडाभर खुशीत होते. काकूंनी त्याला साडीत गुंडाळून आणखी आत सरकवला. सरकारं काय, येतात नि जातात.

वर्षातला एक दिवस मात्र अख्खा गाव काकूंच्या दारात असतो. तो तान्हा पोळा. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सांगावं लागेल, कारण तिकडे हा प्रकार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या विदर्भात पोरांचा पोळा भरतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली ही रीत आहे. चाकं लावलेला लाकडी बैल सजवायचा, दोरी धरून ओढत आणायचा, रांगेत उभा करायचा, मग घरोघरी न्यायचा आणि बोजारा मागायचा, म्हणजे खाऊ नाहीतर पैसे. सजावटीला बक्षीस असतं. म्हणून आदल्या रात्री बैल काकूंच्या ओसरीवर मुक्कामाला येतात. लहान, मोठे, एका शिंगाचे, चाक निखळलेले. काकू कुणालाही नाही म्हणत नाहीत. शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर शालूच्या काठाची झूल, झुलीला झालर, गळ्यात लग्नपत्रिकांचे गोंडे, आणि सुनं दिसते म्हणून वर कागदी फुलं. पहाटेपर्यंत बैल असा मढतो की खालची चाकं तेवढी बाहेर राहतात.

सकाळी मैदानात सगळे बैल एकसारखे. परीक्षक म्हणून काकूंनाच बोलावलेलं असतं, कारण गावात या विषयातलं कळतं कुणाला? त्या गंभीर चेहऱ्यानं रांगेतून फिरतात, आपल्याच कामाला गुण देतात आणि कमी-जास्तही करतात. एका साली भलताच घोळ झाला. दुसऱ्या नंबरच्या बैलाची झूल बक्षीस घेताना सरकली आणि आतून प्लास्टिकचा ट्रॅक्टर निघाला. ज्याचा नंबर हुकला त्या पोराच्या बापानं आवाज चढवला. काकू जागच्या हलल्या नाहीत. "सजावटीची स्पर्धा आहे जी," त्या म्हणाल्या, "बैलाची कुठं आहे? तुमच्या तरी गोठ्यात बैल आहे का आता?" त्याच्याही गोठ्यात ट्रॅक्टरच होता. तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी काकू थैली घेऊन निघाल्या आणि घरोघरच्या बैलांवरचा आपला माल उतरवून आणला. पोरांना बोजारा मिळतो, काकूंना गोंडे परत मिळतात.

राहता राहिली उद्घाटनं. गावात शाळेची खोली बांधली, व्यायामशाळा झाली, हातपंप बसला, की फीत लागते आणि ती काकूंकडूनच जाते. लाल सॅटिनची, दोन बोटं रुंद, मध्ये टपोरा बो. ताटातल्या कात्रीलाही तसाच लहान बो. पण कुणी पाहुणा येऊन आपली सलग फीत मधोमध कचकन कापतो आणि लोक वर टाळ्या वाजवतात, हे काकूंनी वर्षानुवर्षं कसं सोसलं ते त्यांनाच ठाऊक. कापलेले दोन्ही तुकडे त्या गोळा करायच्या, पण त्याचं पुढं काय होणार? वेणीला पुरत नाहीत, कार्डाला उरतात.

शेवटी त्यांनी उपाय काढला. शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. पाहुणे आले, हार झाले, कात्री उचलली गेली. काकू पुढं झाल्या.

"कापू नका जी."

पाहुणे थबकले. गावात काही वाद आहे का, म्हणून त्यांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी जमिनीकडे पाहिलं.

"बोच्या खाली टिचबटण लावलं आहे," काकूंनी समजावलं. "तुम्ही नुसती कात्री धरा. फोटो निघाला की मी टिच काढते."

पाहुण्यांनी हयातीत पुष्कळ फिती कापल्या असतील, पण कात्री नुसती धरून हसत उभं राहायची ही त्यांची पहिलीच वेळ असावी. फोटो निघाला, काकूंनी टिच काढलं, फीत दोन्हीकडे अलगद मोकळी झाली. टाळ्या नेहमीपेक्षा जास्तच पडल्या. भाषण झालं, चहा झाला, पाहुणे घाईनं गाडीत बसले. काकू फीत गुंडाळून ताट आवरायला गेल्या तर ताटात कात्री होती आणि कात्रीवरचा लहान बो नव्हता. पाहुण्यांच्या अंगठ्यात अडकून तो गाडीत गेला होता.

गाडी हमरस्त्याला लागायच्या आत काकूंनी काकांना मोटारसायकलवर धाडलं.