जुझेकाकांचे राजे अजून वाटेत आहेत

नाताळचा स्टार कधी चढवायचा यावरून वसईत भांडण झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आगमनकाळ लागला की आळीतली पोरं बांबूच्या कामट्या तासायला बसतात, ज्यांना तेवढा उत्साह नाही ती बाजारातून घडीचा स्टार आणतात, आणि बघता बघता प्रत्येक ओटीवर काहीतरी लटकू लागतं. भांडण आहे ते उतरवण्याचं. चढवणारे सगळे एका पंथाचे. उतरवणाऱ्यांत मात्र पंथ, उपपंथ, झालंच तर चार-दोन पाखंडीही.

सव्वीस डिसेंबरलाच गोठा आवरून फरशी पुसून मोकळे होणारे लोक आहेत. ही मंडळी बहुधा फ्लॅटमध्ये राहतात आणि त्यांच्याकडचे कुलकुलही त्याच दिवशी संपलेले असतात. काहींचा नाताळ एक जानेवारीच्या मिस्सेबरोबर आटोपतो. बहुसंख्य समंजस जनता तीन राजांच्या सणापर्यंत थांबते आणि मग मुकाट्याने खोकी काढते. या सगळ्यांना पुरून उरतात ते जुझेकाका.

प्रत्येक आळीत एक जुझेकाका असतो. नाव जुझेच असेल असं नाही. पास्कोल असेल, बस्त्याव असेल, अंतोन असेल. वय साठीच्या पुढे, चर्चगेटकडच्या नोकरीतून निवृत्त, घरामागे चार केळी आणि एक विहीर एवढी वाडी, आणि एक गुडघा, जो मुख्यतः शिडी दिसली की दुखतो. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी सकाळची ठरलेली लोकल चुकवली नाही. त्यांच्या वाट्याला आलेला वक्तशीरपणा तिथेच खर्ची पडला असावा.

पण काकांना आळशी म्हणणं हा अन्याय होईल. आळशी माणसाला गोठा बांधताना पाहावं आणि मग काकांना. डिसेंबरच्या मध्यावर ते जुन्या डब्यांच्या झाकणांत माती भरून नाचणी पेरतात, म्हणजे चोवीस तारखेला बेथलेहेमची कुरणं हिरवीगार. पेंढा ओळखीच्या शेतकऱ्याकडून, दगड समुद्रावरून, तळ्यासाठी काकींच्या कपाटातला आरसा. तळ्यात एक बदक आहे, ते उंटापेक्षा मोठं आहे. योसेफाची काठी कधीतरी मोडली, तेव्हापासून तो उदबत्तीच्या काडीवर भागवतो. गोठ्याच्या छपराला गेल्या झावळ्यांच्या रविवारची आशीर्वादित झावळी. ‘बाळ येशूच्या डोक्यावर साधं गवत कसं घालायचं?’ असं काका विचारतात, आणि यावर कुणाकडे उत्तर नसतं. या झावळीकडे लक्ष असू द्या, तिचं काम पुढे आहे.

हे सगळं उभं राहतं ते काकींच्या शिलाई मशीनवर. बैठकीच्या खोलीत तेवढीच एक बेताच्या उंचीची, भिंतीला लागून असलेली जागा आहे. काकी आळीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज शिवतात, आणि आमच्याकडे उपवासकाळात लग्नं लागत नाहीत. त्यामुळे तीन राजांचा सण सरला की राखेच्या बुधवारपर्यंत लग्नांची झुंबड असते. काकींचा धंदा नेमका त्या दिवसांतला. आणि नेमक्या त्याच दिवसांत त्यांच्या मशीनवर मेंढ्या चरत असतात.

आता राजांबद्दल. इतर लोक मारिया, योसेफ, मेंढपाळ आणि तिन्ही राजे चोवीसच्या रात्री एकदमच मांडून टाकतात. काकांना हे मंजूर नाही. राजे पूर्वेकडून आले, आणि काकांच्या बैठकीच्या पूर्वेला फ्रीज आहे. म्हणून गास्पार, मेल्कियोर आणि बाल्थाझार नाताळच्या रात्री फ्रीजवर असतात. तिथून दररोज थोडं थोडं पुढे सरकत, टीव्ही आणि शोकेस ओलांडत त्यांनी मशीनपर्यंत यायचं. कल्पना सुंदर आहे, पुष्कळ देशांत लोक असं करतातही. फरक इतकाच, की तिथले राजे सहा जानेवारीला पोचतात. काकांचे राजे काकांना आठवण होईल तेव्हा चालतात. मध्येच नातू बाल्थाझारला डम्परमध्ये घालून अंगणात नेतो. एकदा मेल्कियोर फ्रीजच्या मागे पडला, त्याला काढेपर्यंत उरलेले दोघे टीव्हीवर मुक्काम ठोकून होते. परिणामी सहा तारखेला सगळ्या वसईतले राजे बाळासमोर गुडघे टेकून बसलेले असतात आणि काकांचे अजून बातम्यांच्या वर.

‘राजे पोचले नाहीत तोवर गोठा कसा मोडू?’ काका म्हणतात. ‘बिचारे एवढ्या लांबून सोनं, ऊद, गंधरस घेऊन येणार आणि बघतात तर काय, शिलाई मशीन!’

इथून पुढे काकांचं खरं कर्तृत्व सुरू होतं. भारतातल्या आपल्या चर्चमध्ये तीन राजांचा सण दोन ते आठ जानेवारीच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी साजरा होतो. त्या रविवारी मिस्सेहून आल्यावर काकी पदर खोचतात. काका म्हणतात, ‘अगं, हा सोयीचा रविवार. खरा सण सहा तारखेचा. गोव्यात जाऊन बघ. रेईश मागुश, चांदर, कासावली, सगळीकडे सहा म्हणजे सहा. कासावलीला तर मुलं राजे होऊन घोड्यांवरून डोंगर चढतात.’ ठीक. सहा तारीख येते. त्या दिवशी काका रोमकर होतात. नाताळकाळ राजांनी संपत नाही, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाने संपतो, संत पेत्राच्या चौकातला गोठासुद्धा तोवर हलत नाही. हे बरोबरच आहे, आणि काकींना ते माहीतही आहे. तो रविवार उजाडतो तेव्हा काका स्वीडनला पोचलेले असतात. तिथे तेरा जानेवारीला संत क्नूटच्या दिवशी झाड बाहेर काढतात, आणि ‘तेरा तर अजून झाली नाही.’ तेरा होते. मग आर्मेनियन लोक.

‘तुला ठाऊक आहे, आज बेथलेहेमात काय आहे?’ एकोणीस जानेवारीला सकाळी चहाबरोबर काकांनी विचारलं होतं. ‘आज तिथल्या आर्मेनियन लोकांचा नाताळ. जिथे प्रभू जन्मला तिथे आज नाताळ आहे, आणि तू वसईत बसून उतरवायला निघालीस!’

काकी तेव्हा पेंढ्यात हरवलेली सुई शोधत होत्या, तोच हात त्यांनी कपाळाला लावला. आर्मेनिया कुठे आहे हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी आठवडा गेला असता.

सव्वीस जानेवारीला दिव्यांच्या माळेत केशरी, पांढरा, हिरवा असे तिन्ही रंग असल्याचा शोध लागतो, आणि ती उतरवणं देशभक्तीत बसत नाही. दोन फेब्रुवारीला प्रभूच्या समर्पणाचा सण, नाताळपासून बरोबर चाळिसावा दिवस. जुन्या काळी युरोपात कित्येक ठिकाणी सजावट तोवर ठेवत, हेही खरं. पाच फेब्रुवारीला तर आपल्या घरचंच कार्य. वसईत जन्मलेला संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली याच तारखेला नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाला. त्याच्या गावात त्या दिवशी अंधार करायचा? काकांच्या एकाही दाखल्यात खोट नसते, ही काकींची खरी अडचण आहे. खोटं बोलणाऱ्या नवऱ्याला पकडता येतं. खरं बोलत बोलत मार्चपर्यंत नेणाऱ्या नवऱ्याला काय करायचं?

काकींनीही प्रयत्न सोडलेले नाहीत. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात गोठ्याचा देखावा मांडला, तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं, हे त्यांनी प्रवचनात ऐकलं. घरी येऊन म्हणाल्या, ‘बघा! खरा बैल म्हणजे त्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. तुमचा प्लास्टरचा आहे, म्हणून बसलाय.’ काका दोन मिनिटं गप्प होते. मग त्यांनी सांगितलं, की त्या गव्हाणीतलं गवत लोकांनी पुढे जपून ठेवलं आणि ते खाऊन आजारी गुरं बरी झाली, असं फ्रान्सिसच्या पहिल्याच चरित्रात लिहिलंय. म्हणजे पेंढाही टाकायचा नाही.

लंडनला असलेल्या भाचीने एकदा फोनवर सांगितलं, की तिकडे बारा दिवसांच्या वर सजावट ठेवणं अशुभ मानतात. काकींना वाटलं, देवानेच फोन लावला. काका म्हणाले, ‘शुभ-अशुभ ही अंधश्रद्धा. आपल्या धर्मात बसत नाही.’ भाची बिचारी प्रामाणिक. तिने पुढे सांगून टाकलं, की एकदा ती तारीख चुकली तर मग सजावट वर्षभर तशीच ठेवावी, असंही काही लोक मानतात. यावर काका म्हणाले, ‘जुन्या लोकांचं सगळंच टाकाऊ नसतं.’

शेवटचा उपाय म्हणून काकींनी प्रकरण फादरांकडे नेलं. फादर चहाला आले, मशीनवरची नाचणी पाहून जरा दचकले. ती एव्हाना पिवळी पडून आडवी झाली होती आणि मेंढ्या दिसेनाशा झाल्या होत्या. काकांनी मत्तयाचा दुसरा अध्याय उघडून पुढ्यात ठेवला. मागी लोक, म्हणजे आपले राजे, गोठ्यात नव्हे, घरात आले असं तिथे म्हटलंय. आणि हेरोदाने मागी लोकांकडून वेळ विचारून घेतली होती, तिच्या हिशेबाने दोन वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांना मारायचा हुकूम दिला. ‘म्हणजे फादर, राजांना यायला दोन वर्षं लागली असू शकतात की नाही?’ फादरांनी सेमिनरीत बरंच शिकलेलं असतं, पण त्यात हे नसतं. त्यांनी चहा संपवला आणि ‘तुम्ही दोघं मिळून ठरवा’ असा निवाडा देऊन स्कूटर सुरू केली.

काकांना उघड पाठिंबा एकच, समोरच्या घरातल्या गुरुजींचा. गुरुजींचा दिवाळीचा आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत शास्त्राने राहतो. पौर्णिमेनंतर तो ‘आता नाताळ आलाच आहे, आळी उजळ दिसते’ या सौहार्दाच्या भावनेने राहतो. जानेवारीत गुरुजींच्या मंडळींनी विषय काढला की गुरुजी समोर बोट दाखवतात, आणि काकींनी काढला की काका. दोन धर्मांतला असा भक्कम सलोखा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. शिडी दोघांत एकच आहे. ती नेहमी दुसऱ्याकडे असते.

काकांचा एकच शत्रू आहे, राखेचा बुधवार. तो दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो आणि काका नव्या कॅलेंडरात आधी तो बघतात. २०२४ साली तो १४ फेब्रुवारीला आला, काका आठवडाभर घुश्श्यात होते. २०२५ साली थेट ५ मार्चला. ते काकांचं सुवर्णवर्ष. त्या वर्षी राजे शोकेसवर असताना पंखे लावायची वेळ आली आणि गास्पारचा झगा वाऱ्याने हलतो असं नातवाने शपथेवर सांगितलं.

आणि गोठा उतरतो तो याच बुधवारामुळे, मात्र काकांच्या हातून नाही. त्या दिवशी कपाळाला लावायची राख गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून करतात. म्हणून आधीच्या रविवारी मिस्सेनंतर सूचना होते, की घरातल्या जुन्या झावळ्या चर्चमध्ये आणून द्या. काकी वर्षभर याच एका वाक्याची वाट पाहत असतात. दुपारी काका वाडीत केळीला पाणी द्यायला गेले, की त्या मशीनपाशी जातात आणि गोठ्याचं छप्पर ओढतात. आशीर्वादित झावळी आहे, चर्चने मागितली आहे, ना स्वीडन मध्ये येऊ शकत, ना आर्मेनिया. छप्पर गेलं की भिंती काथ्याच्या आधारावर किती टिकणार? तासाभरात बदक धुऊन कपाटात जातं, नाचणी कोंबड्यांना, आरसा जागेवर, आणि अंगणापर्यंत मशीनचा आवाज ऐकू येतो.

काका येतात, बघतात, काही बोलत नाहीत. शोकेसच्या कडेपर्यंत आलेल्या तीन राजांना एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळतात. ‘पुढच्या वर्षी यांना फ्रीजवरून नको काढायला,’ एवढंच म्हणतात, ‘टीव्हीपासून सुरू करू.’ काकी मान वर करत नाहीत. मशीन मोकळं झालं, पण लग्नांचा हंगाम बुधवारपासून बंद. आता ईस्टरच्या फ्रॉकपर्यंत त्यावर काकांचे लेंगेच आखूड व्हायचे आहेत.

बाहेरचा स्टार मात्र या कारवाईत येत नाही, त्याला शिडी लागते. त्याचा पतंगी कागद उन्हाने उडतो, कामट्या उरतात, त्या पहिल्या पावसात आपोआप खाली येतात. तेव्हा मार्च-एप्रिलात वसईला आलात आणि एखाद्या ओटीवर स्टार लोंबताना दिसला, तर आत डोकावून ‘अजून?’ असं विचारू नका. काका तुम्हाला बसवतील, चहा येईल, मत्तयाचा दुसरा अध्याय उघडेल आणि तुमची विरारहून सुटणारी शेवटची लोकल जाईल. फारच राहवलं नाही, तर समोर गुरुजींकडून शिडी तेवढी आणून द्या.