नूतन अमेरिकन नागरिकास बोईसरहून अनावृत पत्र

राजमान्य राजश्री नूतन अमेरिकन नागरिक, मूळ राहणार बोईसर, तालुका व जिल्हा पालघर, यांसी सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

ग्रीन कार्डावर पाच वर्षे यथाविधी काढून आपण अमेरिकेच्या प्रजासत्ताकाशी शपथपूर्वक एकनिष्ठ झालात व परकीय राजे आणि राष्ट्रे यांच्याविषयीची समस्त निष्ठा भर सभेत त्यागलीत, हे आपल्या बंधूंकडून कळले. परंतु ‘मायभूमीने माझा मताधिकार हिरावला’ असा जो करुण मजकूर आपण पाठोपाठ समस्त आप्तेष्टांस धाडलात, तो वाचून अभिनंदन करावे की सांत्वन, याचा आम्हां अल्पमतींस निर्णय होईना.

वस्तुतः १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम निःसंदिग्ध आहे: स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व पत्करणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. ग्रीन कार्ड बाळगीत होता तोवर आपण पूर्णांशाने भारतीय होता, आणि परदेशस्थ नागरिकास पारपत्रावरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवण्याची मुभा २०११ पासून आहे; अट इतकीच, की मतदानाच्या दिवशी मूळ पारपत्रासह केंद्रावर जातीने हजर व्हावे. आपण लग्नसराईस आलात, गणपतीस आलात, चिंचणीच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहावयासही आलात. निवडणुकीस मात्र आपले चरण या भूमीस कधी लागले नाहीत.

शपथेविषयी तारापूरच्या शेजाऱ्याने एक इशारा द्यावा हे उचित. आपण अमेरिकेस जाण्यापूर्वीच अमेरिका येथे येऊन गेली होती. १९६९ साली सुरू झालेल्या अणुवीजकेंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या, आणि त्यांस तीस वर्षे इंधन पुरवण्याचा करार १९६३ चा. पुढे १९७४ मध्ये पोखरणला अणुस्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेने स्वतःचा नवा कायदा केला, त्या कायद्यापुढे करार निष्प्रभ ठरला आणि फ्रान्सकडून इंधन आणावे लागले. तेव्हा आपण जन्मभराची निष्ठा वाहिलीत खरी. तिकडून येणाऱ्या वचनाची मुदत तेवढी तपासून घ्यावी.

बाकी आपले दैव थोर. अमेरिकेस आपली पाच वर्षांची वस्ती पुरली. महाराष्ट्राच्या अधिवासाच्या दाखल्यास पंधरा वर्षे लागतात, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली बिगर-आदिवासी वननिवाश्यास तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची, वहिवाट शाबीत करावी लागते. अक्करपट्टी व पोफरणच्या ग्रामस्थांना तर तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीपायी गावच सोडावे लागले. त्यांच्या स्थलांतराप्रीत्यर्थ कोणी सभा भरवली नाही, की हाती छोटा ध्वज दिला नाही.

आता आपण भारतीय पारपत्र परत करून ओसीआय कार्ड काढालच. त्यायोगे आजन्म ये-जा करता येईल; वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर वारसाहक्काने नावही चढेल. नवी शेतजमीन खरेदी करता येणार नाही आणि मत देता येणार नाही. यांपैकी शेती आपण कधी केली नाहीत व मत कधी दिले नाहीत. सबब आपले नुकसान झाल्याचा दावा पुराव्याअभावी फेटाळण्यात येत आहे.

तरी एक विनंती. नोव्हेंबरात तिकडे निवडणूक असेल, तेव्हा मतकेंद्रावर अवश्य जावे. तेथेही घरीच बसलात, तर पालघरच्या मतदारयादीतून नाव गेल्याचे दुःख निदान आम्हांस तरी कळवू नये.

आपला,
बोईसरचा एक मतदार