दापोडी ते गोवा, व्हाया घोडागाडी

दापोडीचा माणूस पाण्याला भीत नाही, असं मी मांडव्याच्या धक्क्यावर उभं राहून तांडेलाला ऐकवलं. आमच्या इथे पवना मुळेला मिळते. शेजारच्या सीएमईत, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, सराव करून दत्तू भोकनळ २०१६ साली थेट रिओच्या ऑलिंपिकला वल्ही मारायला गेला. यात माझं कर्तृत्व एवढंच, की मी ४० वर्षं हॅरिस पुलावरून जलपर्णी बघत आलोय.

एसटीच्या दापोडी वर्कशॉपातून निवृत्त झालेले आम्ही चौघे: टर्नर, वेल्डर, पेंटर आणि गाड्यांना सीटा बसवणारा मी. २००९-१० साली दिलीप दोंदे ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकटे जगाला वळसा घालून आले, मग चौघांना गोवा काय जड? हे गणित माझं. शिडाची बोट ठरवली मी, वर्गणी काढली मी. त्यामुळे पुढची बोलणीही मलाच खावी लागली.

पहाटे मतलई वारा होता. जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो, शाळेत घोकलेलं. शीड फुगलं, बोट एका अंगावर कलली, मी ‘वा!’ म्हणालो. पेंटरने फोटो काढला. त्या सफरीतला माझा हसरा फोटो तेवढा एकच.

खांदेरीसमोर वारा पडला. मतलई संपला होता, समुद्राकडून येणारा खारा अजून उठायचा होता. हा मधला वेळ पुस्तकात नव्हता. शीड ओल्या धोतरासारखं लोंबलं आणि बोट जागच्या जागी डुलायला लागली. याच बेटासाठी १६७९ साली मराठ्यांच्या छोट्या होड्यांनी इंग्रजांना जेरीस आणलं, हे सांगायला मी तोंड उघडलं. इतिहासाऐवजी पोहे बाहेर आले.

दुपारी वायव्येकडून खारा वारा उठला. गोव्याला जायला याच्यासारखा वारा नाही, म्हणून तांडेल खुशीत. मी बोटीच्या तळाशी आडवा. “अलिबागला उतरवा,” म्हटलं.

“शेट, सुकती लागलीय. किनाऱ्याला पाणी नाय.”

“असेल तेवढ्यातून न्या!”

कुलाबा किल्ल्याच्या अलीकडे बोटीचं बूड वाळूत टेकलं. ओहोटीला लोक या किल्ल्यात चालत जातात, हे ऐकून होतो. आता ते आमच्या बाजूने जाताना दिसत होते. आज्या, लेकुरवाळ्या बाया, भेळेचा पुडा सांभाळणारे काका. आणि आम्ही डोलकाठी धरून उभे. “आई, बोट पंक्चर झाली!” एक पोरगं ओरडलं.

घोडागाडी येऊन थांबली. “किल्ला की किनारा?”

“किनारा!” चौघेही एका सुरात. दिवसभरात आमचं एकमत झालं ते तेव्हाच. तांडेल भरतीची वाट बघत बिडी पेटवून बसला. त्याने आमच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

अलिबाग-पुणे एसटीत पेणपर्यंत कुणी माझ्याशी बोललं नाही. मग वेल्डर वाकला, माझी सीट दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिली. जागची हलली नाही.

“घट्ट आहे,” तो म्हणाला. “हे तुला जमत होतं.”

मी मान डोलावली. बोरघाटाचं पहिलं वळण आलं, तशी घाईघाईने खिडकी उघडली.